आंतरराष्ट्रीय दर्जाची नापास

"शर्वरी, तुला नापास व्हायला जमेल का?"

चौगुले सरांनी हे इतक्या मायेनं विचारलं, की मी "हो सर" म्हणून मोकळी झाले. पहिल्या नंबरच्या मुलांना ही खोडच असते. सरांनी काही विचारलं की तोंडातून आधी होकार निघतो, प्रश्न मागाहून कळतो.

कळल्यावर मी म्हटलं, "कशात सर?"

"फायनान्समध्ये. एकाच चाचणीत. थोडंसंच."

थोडंसं नापास! मी खुर्चीत सावरून बसले. चौगुले सर आमच्या मॅनेजमेंट कॉलेजचे संचालक. मोहोळच्या पुढं, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून, उसाच्या फडांच्या मधोमध आमचं चार मजली काचेचं कॉलेज उभं होतं. सरांना आयुष्यात एकच ध्यास होता, तो म्हणजे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे तीन शिक्के. एक अमेरिकेच्या मंडळाचा, एक लंडनच्या आणि एक युरोपच्या. तिन्ही शिक्के मिळालेली बिझनेस स्कूलं जगात फार थोडी आहेत, हे ते ध्वजवंदनालासुद्धा सांगायचे. आणि त्या थोड्यांत मोहोळ का नको, असा त्यांचा सवाल असायचा.

पण पहिलाच शिक्का, अमेरिकेचा, एका भलत्या कारणानं अडला होता. ते मंडळ विचारतं, तुमच्या मुलांना काय येत नाही, ते तुम्हाला कधी कळलं, त्यावर तुम्ही काय केलंत आणि मग त्यांना आलं का? आमच्याकडच्या फायलींत चार वर्षांत सगळ्यांना सगळं आलेलं होतं. कॉलेजची रीतच तशी होती. घरच्या, म्हणजे कॉलेजनंच घेतलेल्या, चाचणीत वीसपैकी अठरा हे हजर राहिल्याबद्दल मिळायचे. फी भरून पोरं आलेली, त्यांना आपण नापास करायचं म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताटावरून उठवण्यासारखं, असं सर म्हणायचे. त्या फायली बघून बंगलोरहून आलेल्या सल्लागारानं डोक्याला हात लावला होता. "सर, हे वाचून कुणीही म्हणेल, एकतर तुमच्याकडे देव शिकतात, नाहीतर तुम्ही पेपर तपासत नाही."

"मला एक नापास पाहिजे," चौगुले सर मला म्हणाले. "नापास झालेला, मग आपण सुधारलेला, मग चमकलेला."

"पण सर, वाघमोडे आहे ना नापास."

इंद्रजित वाघमोडे माझ्याच वर्गातला. बिडकर मॅडम नागपूरहून नव्या आलेल्या, त्यांना कॉलेजची रीत ठाऊक नव्हती. त्यांनी पेपर खरोखर तपासला आणि वाघमोड्याला वीसपैकी चार दिले. चार वर्षांतला तो एकमेव अस्सल नापास होता.

"आहे गं," सर हळहळले. "पण समितीला तो मुलगा भेटायला हवा असतो. वाघमोडे 'गुड मॉर्निंग' म्हणताना घाम पुसतो. त्याला कुठं त्यांच्यापुढं बसवू?"

"मग दोघं नापास दाखवा."

"नको, नको. लंडनवाले निकाल बघतात. आपल्याला एकच नापास परवडतो. वाघमोड्याला आपण वर काढतोय, सोळा देतोय. त्याचं नापास तू घ्यायचं."

आता मला घाम फुटला. जानेवारीतच पुण्याच्या एका फायनान्स कंपनीनं मला घेतलं होतं. जूनमध्ये रुजू व्हायचं होतं आणि त्यांची अट साफ होती. दोन वर्षांत कुठल्याही परीक्षेत, अगदी घरच्या चाचणीतसुद्धा, नापास चालणार नाही. बार्शीला आप्पांचं कुकर-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. त्यांनी माझ्या नोकरीचे पेढे गल्लीत वाटूनही झाले होते. माझ्या पगारावर धाकट्या बहिणीचं नर्सिंग ठरलेलं होतं. हे सगळं मी सरांना सांगितलं.

"अगं, हे फक्त फाइलपुरतं. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप. माझा शब्द आहे तुला." मग ते पुढं वाकून म्हणाले, "सबंध कॉलेजात तुझ्यासारखं इंग्रजी आहे का कुणाचं?"

झालं. हरभऱ्याच्या झाडावर मला कुणीही चढवावं, मी तेव्हा शेंड्यापर्यंत जायची.

नापास होण्यासाठी पुरावा म्हणून माझ्या अक्षरातला नापास पेपर लागणार होता. मी ग्रंथालयात बसून लिहिला. बिडकर मॅडमनी तपासला आणि पंधरा दिले.

"उपासे, हे काय?"

"मुद्दाम चुका केल्यात मॅडम."

"कुठं आहेत? दोन बेरजा चुकल्यात फक्त. बाकी पद्धत बरोबर आहे, पद्धतीचे मार्क द्यावेच लागतात."

मी पुन्हा लिहिला. तेरा. पुन्हा लिहिला. साडेबारा. मॅडम रडकुंडीला आल्या आणि मी तर चिडलेच. आयुष्यभर अभ्यास केला त्याचं हे फळ! शेवटी मॅडम म्हणाल्या, "जा, वाघमोडेला विचार. ज्याला जे जमतं त्याच्याकडनं ते शिकावं."

वाघमोडे कँटीनमध्ये मिसळ खात होता. नातेपुत्याचा पोरगा, उंच, वर्गात नेहमी शेवटच्या बाकावर, कुणी प्रश्न विचारला की खाली वाकून बूट बांधायचा. मी समोर बसले.

"माझं नापास घेतलंस म्हणं," तो म्हणाला.

"मला काय हौस नाही. सरांनी दिलं."

"घे की. मला तरी कुठं पायजे होतं?" त्यानं पाव मोडला. "पण तुला जमंना असं ऐकलं."

"शिकव मग. फार शहाणा आहेस तर."

तो हसला. पहिल्यांदाच त्याला हसताना बघितलं मी. मग तो माझ्याबरोबर ग्रंथालयात आला, माझे तिन्ही पेपर बघितले आणि मान हलवली. "तू चुकतीस, पण भ्यायलेली दिसत नाहीस. नापास होणारा माणूस सोपा प्रश्न आधी सोडतो."

"का?"

"त्याला वाटतं, एवढं सोपं कसं असंल? यात कायतरी गोम आहे. मग अवघडाला हात घालतो, तिथं दोन पानं घालवतो, आणि वेळ संपत आला की प्रश्नच उत्तर म्हणून परत लिहून काढतो."

आता बार्शीत क्लास घेते, तेव्हा हे मला रोज दिसतं. त्या वेळी मात्र मी थक्क झाले होते. मला वाटायचं, नापास होणारे अभ्यास करत नाहीत म्हणून नापास होतात.

आम्ही कामाला लागलो. प्रश्न खेळत्या भांडवलाचा होता. एका दुकानाचे आकडे दिलेले, रोजचा धंदा चालवायला हातात किती पैसा लागेल ते काढायचं. वाघमोड्यानं आपली चूक मला दाखवली. त्यानं उधारीवर विकलेला माल जमेला धरला होता, पैसे आलेच समजून.

"हे असं लिही," तो म्हणाला.

"अरे, असं कोण लिहितं? विकलं म्हणजे पैसे आले का?"

"विकलं ना?"

"उधार विकलं! गिऱ्हाईक दोन महिन्यांनी देणार. तोवर नवा माल कशानं आणशील? दुकानाचं भाडं कशानं देशील?"

तो पेन्सिल चावत बसला. "आन् मी पण उधार आणला असला तर माल?"

"तर तेवढी सवड मिळाली. तुझं देणं जितकं लांब, तितका हात मोकळा."

"म्हंजे येणं आधी आन् देणं मागनं, तर खेळतंय. उलटं झालं की अडकलं."

"मग काय तर! आता मला चुकीचं सांग, बरोबर नको."

असं चार दिवस चाललं. तो मला चूक दाखवायचा, मी "अरे देवा" म्हणून ती का चूक आहे ते त्याला ऐकवायची, आणि मग तीच चूक नीट उतरवून काढायची. एकदा मी ओरडले म्हणून ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं, तर आम्ही जिन्यात बसलो. पाचव्या दिवशी बिडकर मॅडमनी पेपर तपासला आणि मला वीसपैकी चार मिळाले. मॅडमनी सुटकेचा निःश्वास टाकला. वाघमोड्यानं माझ्याशी हातसुद्धा मिळवला.

फेब्रुवारीत अमेरिकेच्या मंडळाची तिघांची समिती आली. तिच्या प्रमुख होत्या मॉरीन नावाच्या एक स्कॉटिश बाई, पांढऱ्या केसांच्या, मोठ्या चपळ. सरांनी तिघांना फेटे बांधले, शाल-श्रीफळ दिलं. फेटे त्यांनी हौसेनं बांधून घेतले, शाल आणि नारळ मात्र परत केले. भेटवस्तू घेणं नियमात बसत नाही म्हणाल्या. सर इतके कष्टी झाले की नारळ हातात धरून बराच वेळ तसेच उभे होते. आपल्याकडं नारळ परत करत नाहीत हो, असं ते मागं बिडकर मॅडमना म्हणत होते.

मग माझी मुलाखत. मी ब्लेझर घालून, पाठ केलेलं इंग्रजी घोकत बसलेली. सर कोपऱ्यात. मॉरीनबाईंनी माझा नापास पेपर चाळला आणि विचारलं, "यातून तुम्हाला बाहेर कुणी काढलं?"

ठरलेलं उत्तर होतं, 'कॉलेजचे शनिवारचे विशेष वर्ग'. असे वर्ग कधी झालेच नव्हते. बाईंची नजर अशी सरळ होती, की ते उत्तर मला देववलं नाही. मी म्हटलं, "माझ्या वर्गातला एक मुलगा. आम्ही चार दिवस शेजारी बसलो. एकेक चूक घेतली, ती का चूक आहे हे बोललो, आणि मग पुढं गेलो."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा उजळला. "हे कॉलेजनं घडवून आणलं?"

"हो," मी म्हटलं. ते तर खरंच होतं.

कोपऱ्यात चौगुले सर आधी पांढरे पडले होते, ते आता फुलले. त्याच संध्याकाळी त्यांनी त्या प्रकाराला 'मित्रहस्त अध्यापन पद्धती' असं नाव दिलं. मार्चमध्ये लंडनची समिती आली, मागोमाग युरोपची. मी तीच गोष्ट दोघांना सांगितली, तोच पेपर दाखवला. बोलून बोलून मलाही अधूनमधून वाटायला लागलं, की मी झालेच होते नापास. एप्रिल संपायच्या आत तिन्ही शिक्के आले. कॉलेजात बुंदीचे लाडू वाटले. वाघमोड्यानं दोन घेतले.

मे महिन्यात विद्यापीठाचा निकाल लागला. मी पहिली आले. आप्पा मला न्यायला बार्शीहून एसटीनं आले आणि फाटकातून आत शिरले ते चेहरा पाडूनच.

"पोरी, तू नापास झाली होतीस? मला कळवायचं तरी."

"आप्पा, काय बोलताय? मी पहिली आलीय!"

"मग रस्त्यावर काय लागलंय ते?"

मी धावत बाहेर गेले. हायवेला, फाटकाच्या डोक्यावर, अख्ख्या एसटीएवढा फ्लेक्स. मध्ये मी, ब्लेझरमध्ये, हसतीय. वर मोठ्या अक्षरात, 'नापास ते नामांकित! आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त मित्रहस्त पद्धतीचा चमत्कार, कु. शर्वरी उपासे'. भोवती संस्थेचे पदाधिकारी आणि तालुक्यातले बाराजण हात जोडून मला शुभेच्छा देत होते. सोलापूरला जाणारा येणारा प्रत्येक माणूस ते वाचत असणार.

"ते कॉलेजच्या मान्यतेसाठी आहे आप्पा. मी खरंच नापास झाले नव्हते."

आप्पांनी फ्लेक्सकडं बघितलं, मग माझ्याकडं. "पहिली आलेली पोरगी दाखवली तर मान्यता देत नाहीत का?"

आणि त्याच दिवशी, माझं नशीब बघा, पुण्याहून त्या कंपनीच्या सबनीस मॅडम निवड झालेल्यांचे कागद तपासायला गाडीनं आल्या. हायवेनंच आल्या. पाहुण्यांच्या खोलीत त्यांनी मला बोलावलं आणि फार चांगुलपणानं सांगितलं, "शर्वरी, तू हुशार आहेस. पण अट म्हणजे अट. तू आमच्यापासून लपवलंस, हे जास्त वाईट वाटलं." मी खूप सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग संचालकांना तसं सांगू दे."

मी चौगुले सरांच्या खोलीत शिरले, दार न वाजवता.

"सर, सबनीस मॅडमना सांगा ना, ते खोटं होतं म्हणून."

"बस आधी. पाणी पी."

"मला पाणी नको! तुम्ही शब्द दिला होता. फाइल कपाटात, कपाटाला कुलूप."

"फाइल कपाटातच आहे," सर दुखावल्यासारखे म्हणाले. "कुलूपही आहे. बाहेर लागलाय तो फ्लेक्स."

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर भयंकर होतं.

"सर, माझी नोकरी जातेय."

"मला कळत नाही का गं? तू मला मुलीसारखी. पण मी ते खोटं कसं म्हणू, सांग. अमेरिकेनं तपासलंय. लंडननं तपासलंय. युरोपनं तपासलंय. तुझं नापास होणं तीन आंतरराष्ट्रीय मंडळांनी मान्य केलंय बाळा. तुझं पहिलं येणं काय, आपल्या एका विद्यापीठानं." त्यांनी हात पसरले. "तूच सांग, मी कुणाचं ऐकू?"

मी बाहेर आले. पाण्याच्या कूलरपाशी आप्पा पिशवी धरून उभे होते, त्यांच्याजवळ वाघमोडे. आप्पांनी त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"नाही म्हणाले?" त्यानं विचारलं.

मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते.

"ते नापास माझं आहे," वाघमोडे म्हणाला. "मी परत मागून आणतो." आणि पाहुण्यांच्या खोलीकडं चालायला लागला. गुड मॉर्निंग म्हणताना घाम पुसणारा पोरगा! त्यानं दार वाजवलं आणि आत गेला. त्यानं ते कबूल केलं असतं, तर त्याच्या सोळाचे पुन्हा चार झाले असते, आणि त्याला कुठंच कुणी उभं केलं नसतं. हे त्याला कळत नव्हतं असं नाही. त्याच्या घरात पहिल्या तारखेला पगार अशी गोष्ट कधी आलीच नव्हती. मेंढरं विकली की पैसा, नाहीतर नाही.

बराच वेळ गेला. आप्पा म्हणाले, "गुणाचा आहे पोरगा." मी मनातल्या मनात बार्शीच्या भगवंताला साकडं घालत होते, त्याचं ऐकू दे, आज एवढं त्याचं ऐकू दे.

वाघमोडे बाहेर आला तो खाली बघतच.

"काय म्हणाल्या?"

"पुरावा मागितला. मी कुठनं देऊ? माझ्या कागदावर सोळा आहेत."

"मग?"

"मी म्हटलं, मॅडम, मला यातलं कायबी येत नाही, विचारून बघा पायजे तर."

"मग?"

"मग विचारलं त्यांनी. तीन प्रश्न."

"चुकलास ना?"

"चुकायचंच म्हणून बसलो होतो गं. पण त्यांनी उधारीचंच विचारलं. विकलेला माल आन् न आलेला पैसा. मी तोंड उघडलं आन् बरोबरच बाहेर पडलं."

"अरे गाढवा!" मी ओरडले. "चार दिवस मला चुकायला शिकवलंस, आणि स्वतःच्या वेळेला—"

"तू मधी मधी बरोबर सांगत होतीस ना," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "ते राहिलं डोक्यात."

वाघमोडे अजून काहीतरी सांगायचं गिळत होता, हे मला दिसत होतं.

"आणि काय म्हणाल्या? बोल की."

"म्हणाल्या, इतक्या स्पष्टपणे हे कुणी सांगितलं नाही. म्हणाल्या, मैत्रिणीसाठी खोटं नापास व्हायला आलास, मन मोठं आहे तुझं." त्यानं डोळे पुसले. "शर्वरी, तुझी जागा रिकामी झालीय. ती मला देतायत."

आप्पांच्या हातातली पिशवी खाली टेकली.

"मी नाही म्हणून येतो," वाघमोडे म्हणाला आणि वळलासुद्धा.

माझा जीव नुसता तळमळत होता. जा, म्हण नाही, असं म्हणावंसं वाटत होतं, आणि मी म्हटलं असतं तर त्यानं ते केलं असतं. मला माझी नोकरी हवी होती. मला ती अजूनसुद्धा हवीशी वाटते, का खोटं बोलू.

"थांब," मी म्हटलं. "तू नाही म्हणालास तर तिसराच कुणीतरी जाईल. जा आणि हो म्हण."

"आन् तू?"

"माझं बघते मी. जा, त्या निघतील. आणि शर्ट नीट खोच."

तो गेला. दाराशी थांबून त्यानं खरोखर शर्ट खोचला आणि घाम न पुसता आत शिरला. आतून सबनीस मॅडमचा हसण्याचा आवाज आला.

आप्पांनी पिशवी उचलली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगलं शिकवतीस की गं तू."

तेवढ्यावर मात्र मला राहवलं नाही. कूलरला टेकून, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, मी ढसाढसा रडले.